आधी नख, मग नक्षी

लग्नसराई लागली की लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत, बांगड्या-टिकल्यांच्या दुकानांत नखांवर चिकटवायच्या पट्ट्यांची पाकिटं लोंबायला लागतात. सोनेरी वेलबुट्टी, मोर, नथ, चंद्रकोर, हिरव्यावर लाल काठ, काय हवं ते मिळतं. पार्लरात बसायचं तर वेळही जातो आणि पैसाही. त्यापेक्षा घरी आपली आपण दहा नखं सजवावीत, हा तुझा विचार मला पटतो. पाकिटामागं चार चित्रं असतात: सोल, चिकटव, दाब, घास. त्या चार चित्रांच्या मधे जे जे घडतं ते मी सांगते. तुला घाई असणार, ठाऊक आहे मला. तरी बस जरा.

हात सजवणं मला मनापासून आवडतं. आपल्याकडच्या बाईचे हात दिवसभर पिठात, पाण्यात नाहीतर रानात असतात. त्या हातांकडं आपणच बघून खूश व्हावं, यात वावगं काही नाही. पण लेकरा, पट्टी आठ-दहा दिवसांची आणि नख जन्माचं. पट्टी उतरल्यावर खालचं नख होतं तसंच निघालं, तर मी म्हणेन पोरीला लावता आली.

१. पाकीट आधी उलटं करून वाच – एक पट्टी खऱ्या नेलपॉलिशची असते, एक पातळ प्लॅस्टिकची आणि एक दिव्याखाली कडक होणारी जेलची. तिन्हींचं लावणं वेगळं, काढणं त्याहून वेगळं.

२. पहिल्यांदा लावणार असशील तर पॉलिशची घे – ती मऊ असते, नखाच्या उतारावर आपोआप बसते आणि साध्या रिमूव्हरनं उतरते. प्लॅस्टिकची दिसायला झळझळीत, पण ताठ. ऊब दिल्याशिवाय वळायचं नाव घेत नाही.

३. माळेगावच्या जत्रेत, सिद्धेश्वराच्या यात्रेत बांगड्या घे, रेवड्या घे, पण पट्टीचं उघडं पाकीट घेऊ नकोस – पॉलिशच्या पट्टीला हवा लागली की ती वाळते, आणि वाळलेली पट्टी बोटावर वळवताना तडकते.

४. पाकीट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायचं नाही – मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पट्टीचा डिंक पातळ होतो आणि खालच्या कागदालाच धरून बसतो.

५. थंडीत उलटं होतं, पट्टी कडक येते. मग लावायच्या आधी पाकीट घडीभर तळहातांत धर – आपल्या हातांची ऊब तिला पुरते.

६. पाकीट आलं म्हणून लगेच दहाही नखांना लावू नकोस. एका करंगळीला लाव आणि दोन दिवस बघ – कुणाकुणाला त्या डिंकाचीच खाज सुटते, आणि एका बोटावरची खाज दहा बोटांवरच्यापेक्षा परवडली.

आता नखं तयार करणं. पाकिटवाले या कामाला एक ओळ देतात. मी म्हणते, पट्टी टिकणं-न टिकणं सगळं इथंच ठरतं.

७. नखं आदल्या दिवशी काप, आणि जिव्हाळीपर्यंत नको – जिव्हाळी लागली की मीठ-मिरचीच्या प्रत्येक चिमटीला ती आठवण करून देते.

८. टोकं गोलसर ठेव – टोकदार कोपऱ्यावर पट्टी दुमडते, आणि शालूच्या जरीत पहिल्यांदा तोच कोपरा अडकतो.

९. हात गरम पाण्यात बुडवून नखं मऊ करून घ्यायची नाहीत, अगदी पार्लरात बघितलं असलंस तरी – नख पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आकसतं. फुगलेल्या नखावर मापानं लावलेली पट्टी आकसलेल्या नखावर सैल होते.

१०. भांडी, धुणं, अंघोळ सगळं उरकून निदान तासभर हात कोरडे राहू देत – नख वरून कोरडं दिसतं तेव्हाही आत ओल असते. घाईनं लावलं, पाण्यानं नेलं.

११. बोअरचं पाणी वापरत असशील तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्यानं धू – आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ते वाळलं की नखावर पांढुरकी साय राहते.

१२. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी लाकडी काडीनं हळूच मागं सार; ओढू नकोस, कापू नकोस – ती कातडी पाणी आणि जंतू आत शिरू देत नाही. ती कापली की नखुरडं ठरलेलं, आणि नखुरडं घेऊन बोहल्यावर चढायची हौस कुणाला असेल?

१३. पाकिटात घासायचा चौकोनी तुकडा मिळतो, त्यानं नखावरून एखाद-दुसरा हलका हात फिरव आणि थांब – सबंध नख जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं. घासून पातळ केलंस तर भाकरी परतताना तव्याचा चटका आतपर्यंत पोचतो.

१४. मग स्पिरिट नाहीतर रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसानं एकेक नख पूस, कडेच्या खाचांसकट – तेलाचा अंश जिथं राहतो तिथूनच पट्टी सुटते.

१५. पुसल्यावर केसांना हात लावलास तर परत पूस – तुझी वेणी तेलानं चोपडलेली असते आणि तुझा हात सारखा तिच्याकडं जातो, मी बघितलंय.

१६. रिमूव्हरची बाटली गॅस, समई, उदबत्ती यांच्यापासून लांब, खिडकीशी उघडायची – त्यातलं अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, आणि त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही.

लावायला बसशील तेव्हा रात्रीची जेवणं झालेली असावीत, ओटा पुसलेला असावा आणि पोरं झोपलेली असावीत. उजेड समोरून घे, पाठीमागून नको. आपल्याच सावलीत नख नीट दिसत नाही.

१७. दहाही पट्ट्या आधी न सोलता नखांवर ठेवून बघ आणि ओळीनं ताटात मांड – मधेच माप चुकलं तर चिकटलेली पट्टी परत उचलावी लागते, आणि उचललेली पट्टी पहिल्यासारखी धरत नाही.

१८. दोन मापांच्या मधे अडकलीस तर लहान माप घे – मोठी पट्टी कातडीवर चढते, तिथून पाणी आत शिरतं. लहान पट्टीच्या कडेला केसभर मोकळं नख दिसलं तर कुणी बघत नाही.

१९. माप थोडं मोठंच असेल तर कातरीनं बाजूनं काप, मुळाकडून नको – मुळाकडची गोलाई कारखान्यात जशी कापलेली असते तशी आपल्या कातरीला जमत नाही.

२०. आधी उजवा हात कर, मग डावा – डाव्या हातानं काम करायचं म्हणजे धीर जास्त लागतो, आणि धीर सुरुवातीला भरपूर असतो. डावखुरी असशील तर उलटं.

२१. दोन्ही अंगठे शेवटी – दाबायचं, सोलायचं, गुळगुळीत करायचं सगळं अंगठ्यानंच होतं. त्याला आधी सजवलंस तर तो कामाचा राहत नाही.

आता एक नख सावकाश बघ. पट्टीवरचा पारदर्शक कागद काढ, मग मागचा. डिंकाच्या बाजूला बोट लावू नकोस, टोकाकडून चिमटीत धर. गोल बाजू नखाच्या मुळाकडं ने आणि कातडीपासून एका दोऱ्याइतकी जागा सोडून टेकव. अजून दाबायचं नाही. सरळ बसली का ते बघ. मोर वाकडा असेल तर आत्ताच उचल. मग मधोमध अंगठा टेकव आणि तिथून डावीकडं, तिथून उजवीकडं, मग टोकाकडं हवा ढकलत जा. आतला बुडबुडा बाहेर निघताना दिसतो. कडेच्या खाचेत पट्टी आपण होऊन उतरत नाही, तिथं लाकडी काडीचं बोथट टोक फिरवावं लागतं. टोकाला राहिलेली पट्टी खाली दुमडून ताणून धर आणि कानशीनं वरून खाली, एकाच दिशेनं ओढ. दोन-तीन ओढींत जास्तीचा तुकडा आपसूक गळतो.

२२. कानस पुढं-मागं फिरवायची नाही – मागं येताना ती पट्टीची कड उचलते, आणि उचललेल्या कडेतून दुसऱ्या दिवशीचं पाणी शिरतं.

२३. पट्टीवर सुरकुती आली तर ताणून सरळ कर, कडेनं आलेल्या चुणीला बारीक छेद दे – चुणी दाबून बसत नाही, ती ओढणीचे धागे धरते.

२४. प्लॅस्टिकच्या पट्टीला हेअर ड्रायरची ऊब दे, ती किंचित मऊ झाली की लाव आणि लावल्यावर परत ऊब देऊन दाब – तिचा डिंक उबेनंच जागा होतो. चहाच्या कपावरची वाफ देऊ नकोस, वाफ म्हणजे पाणीच.

२५. वीज गेली तर थांब, मेणबत्ती जवळ आणायची नाही – पट्टीही वितळते आणि शेजारी रिमूव्हरचा कापूस असतो.

२६. सगळं झाल्यावर टोकाच्या कडेवरून पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात फिरव – पट्टी नेहमी टोकाकडून सुटते. कड दाबली, काळजी मिटली.

२७. त्यानंतर झोप. खरंच झोप – रात्रभर पाणी न लागलेल्या पट्टीची आणि लगेच भांडी घासलेल्या पट्टीची गाठ चौथ्या दिवशी पडते, तेव्हा फरक कळतो.

२८. पट्टी टिकत नाही म्हणून झटपट चिकटवायचा डिंक नखाला लावायचा नाही – तो कातडी जोडून टाकतो. आणि तो कापसाला लागला तर कापूस इतका तापतो की बोट भाजतं.

लग्नाघरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नवरीच्या हातांवर तीन दिवसांत इतके संस्कार होतात की पट्टी कोणत्या वेळी लावायची, हाच मोठा प्रश्न असतो. मेंदी, चुडा, हळद, तेल, उटणं, आणि प्रत्येक गोष्टीत पाणी नाहीतर तेल. हौशी मैत्रिणी पहिल्याच दिवशी नखं सजवून टाकतात, आणि मग अक्षता पडेपर्यंत चार नखं उघडी पडलेली असतात. फोटोत हातच जास्त येतात, हे तुला मी काय सांगायचं!

२९. मेंदी सगळ्यांत आधी – ती रंगायला वेळ घेते, आणि तिच्यावर लिंबू-साखर, लवंगेची धुरी, निलगिरीचं तेल असं सगळं चढतं. त्यातलं काहीही पट्टीला मानवत नाही.

३०. चुडा पट्टीच्या आधीच भर – कासार हात दाबतो, साबण नाहीतर तेल लावून बांगडी सारतो, तेव्हा नवरीची बोटं आवळून एकत्र येतात आणि नखं एकमेकांवर घासतात.

३१. हळद झाल्यावर अंघोळ, मग स्पिरिटचा कापूस, आणि मग पट्टी – लग्नाच्या आदल्या रात्रीची ती वेळ. हळदीच्या आधी फिकट पट्टी लावलीस तर तिची कड पिवळी होते आणि ती घासून जात नाही.

३२. हळद लागणारच असेल तर गडद रंग घे: वांगी, मरून, बाटलीहिरवा – नांदेडकडची हळद काही रंगाला हलकी नसते. कपड्यावरचा डाग उन्हात उडतो, पण नवरीला नखं उन्हात धरून बसवणार आहेस का?

३३. मेंदीच्या कोनाकडं लक्ष ठेव. तासाभरात काळीकुट्ट रंगणारी घेऊ नकोस – मेंदी अंगची केशरी-तपकिरी. काळ्या रंगासाठी तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन घालतात, आणि त्यानं हातावर फोड येतात.

३४. नवरीच्या पिशवीत त्याच पाकिटातल्या दोन जास्तीच्या पट्ट्या आणि एक काडी ठेव – एखादं नख मांडवात उघडं पडलं तर दुसऱ्या रंगाची पट्टी शोधत कुणी पळायला नको.

नखं रंगवायची हौस तुमच्या पिढीनं काढलेली नाही हो. लॅक्मे १९५२ साली निघाली, पण आपल्या आज्या-पणज्या नागपंचमीला मेंदीचा पाला वाटून नखांची टोकं भरत होत्याच. त्या रंगाला रिमूव्हर लागत नाही आणि चिकटवायला डिंकही लागत नाही. मेंदीतलं रंगद्रव्य नखालाच धरतं आणि नख वाढेल तसं टोकाकडं सरकत जातं. पट्टी जिला चालत नाही तिला मी बिनदिक्कत मेंदी सांगते.

३५. तुझी मैत्रीण नमाज पढणारी असेल तर पट्टी लावायच्या आधी तिला विचार – वजूचं पाणी नखापर्यंत पोचावं लागतं, आणि पट्टी पाणी अडवते. चाँदरातीला तिच्या नखांना मेंदी लाव; तिचा थर राहत नाही, नुसता रंग राहतो.

३६. विष्णुपुरीला किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंगला असशील तर ड्यूटीवर नखं मोकळीच बरी – पट्टीच्या कडेखाली जंतू दबा धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली सांगितलंय की रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःचीही अर्ध्या सेंटीमीटरच्या आत ठेवावीत.

३७. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलंय, कुणाला नववा महिना लागलाय, तर तिच्या पट्ट्या आधीच उतरव – डॉक्टर नखाचा रंग बघतात, आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नखातूनच उजेड पाठवतं.

३८. हुजूर साहिबला लंगरात रोट्या लाटायच्या सेवेला बसणार असशील तर सुटत आलेली पट्टी घरीच काढून जा – कणकेत पडलेला चमचमता तुकडा कुणाच्या ताटात जाईल, सांगता येत नाही.

३९. बारावी-नीटची तयारी करणारी बहीण असेल तर तिला परीक्षा झाल्यावर लाव – वाचता वाचता सुटलेली कड नखानं उचकटत बसायची सवय लागते, आणि पट्टीबरोबर नखाचा पापुद्राही जातो.

४०. तोंडात बोटं घालणाऱ्या लहान पोरींना पट्टी नाहीच, कितीही रडल्या तरी – त्यांना मेंदीचा एक ठिपका दे.

पट्टीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते, आणि आपल्याकडं ती ज्वारीच्या भाकरीनं होते. पोळीच्या कणकेत बोटं जरा तरी वाचतात. भाकरीला आधणाचं पाणी, पीठ तळहाताच्या मुळानं रगडायचं, मग थापताना बोटांची टोकं सारखी परातीवर आपटायची. ऊब, पाणी आणि मार, पट्टीचे तिन्ही शत्रू एका परातीत.

४१. पीठ मळताना बोटं वर ठेवून तळहाताच्या मुळाचा जोर वापर, तशीही भाकरी त्यानंच चांगली होते – रगडलेलं पीठ चिरत नाही, आणि नखाखाली पीठ भरत नाही.

४२. भाकऱ्या झाल्या की हात पुसून नखांच्या कडा बघ, पीठ अडकलं असेल तर मऊ ब्रशनं काढ, सुईनं नको – सुई कड उचलते, आणि नखाखाली लागली तर तुला दिवसा तारे दिसतील.

४३. भांडी घासताना रबरी हातमोजे घाल, आणि मोज्यात पाणी गेलं तर काढून टाक – बाहेरच्या पाण्यापेक्षा आत कोंडलेलं पाणी वाईट.

४४. महालक्ष्म्यांच्या आधी पट्टी लावू नकोस, त्या जेवल्यावर लाव – पुरण वाटणं, सोळा भाज्या चिरणं, आंबील ढवळणं यातून पट्टी सुखरूप बाहेर येत नाही. आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला बसलेल्या आजीशी त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नाही.

४५. येळवशीला मात्र खुशाल लावून रानात चल. जेवताना बोटं पेरभरच बुडव – भज्जीत हळद-बेसन असतं, पण आंबील प्यायला बोटं लागत नाहीत. हात धुतल्यावर नखं पदराला पुसून कोरडी कर, एवढंच.

जेलच्या पट्ट्यांबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. त्या अर्धवट कडक केलेल्या येतात आणि बाकीच्या आपण छोट्या दिव्याखाली कडक करायच्या. दिसतात फार सुंदर, टिकतात दोन आठवडे. पण त्यांच्यातलं कच्चं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागत राहिलं तर तिथं खाज, पुरळ, फोड येऊ शकतात. त्यातल्या अ‍ॅक्रिलेट जातीच्या रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढं दातात भरायच्या सिमेंटलाही ती अडचण करू शकते.

४६. जेलची पट्टी कातडीवर अजिबात चढू देऊ नकोस, चढली तर दिव्याखाली जायच्या आधी पुसून काढ – कडक झाल्यावर ती कातडीसकट ओढली जाते.

४७. पाकिटावर जितका वेळ लिहिलाय तितका पूर्ण दे, दिवाही त्याच कंपनीनं सांगितलेला घे – कमी वेळात वरून कडक होतं आणि आत कच्चं राहतं, आणि कच्चंच त्रास देतं.

४८. दिव्यात हात घालण्याआधी बोटांच्या पाठीला सनस्क्रीन लाव, नखांना नको – त्या दिव्याचा उजेड उन्हातल्याच अतिनील जातीचा असतो.

४९. घटकांची यादी नसलेलं जेल घेऊ नकोस – युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ नावाच्या जेल कडक करणाऱ्या रसायनावर बंदी घातली आहे. यादी असेल तर तुला बघता तरी येतं.

आता काढणं. सगळ्यात जास्त नखं इथं बिघडतात, कारण लावताना आपण तासभर देतो आणि काढताना टीव्ही बघत दोन मिनिटं.

५०. आठ-दहा दिवस झाले, कड सुटली, की त्याच दिवशी काढ. वर नवी चिकटवू नकोस – सुटलेल्या कडेखाली ओल कोंडते आणि तिथं नख हिरवट पडतं.

५१. कोरडी पट्टी ओढायची नाही, कधीच नाही – तिच्याबरोबर नखाचा वरचा पापुद्रा निघतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, म्हणजे मुळाशी झालेलं नुकसान टोकातून बाहेर पडायला सहा महिने लागतात. पट्टी ओढली, पापुद्रा गेला.

५२. पॉलिशची पट्टी रिमूव्हरच्या कापसानं उतरते. कापूस नखावर ठेवून थोडा वेळ दाबून धर, मग मुळाकडून टोकाकडं पूस – घासाघाशीपेक्षा भिजणं काम करतं. चमकी असेल तर कापसावर फॉइल गुंडाळून थांब.

५३. प्लॅस्टिकच्या पट्टीला वाटीभर कोमट पाणी आणि चमचाभर करडईचं तेल पुरे. बोटं त्यात बुडव, मग कडेनं काडी घालून तिरकी उचल – तेल डिंकाला ढिलं करतं. वाटीच घे, बादली नको; २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव आहे आपलं लातूर.

५४. अडली तर परत बुडव – जिथं अडते तिथं ती नखाला धरून असते, आणि जोर केलास तर सोडणार नख आहे, पट्टी नव्हे.

५५. काढल्यावर चार-आठ दिवस नखं मोकळी ठेव आणि रात्री झोपताना मुळाशी तेलाचं बोट फिरव – अ‍ॅसिटोन नख आणि कातडी दोन्ही सुकवतं. करडईचं, खोबऱ्याचं, घरात असेल ते तेल चालतं.

५६. नख हिरवं, काळपट, भुसभुशीत झालं किंवा खालच्या मांसापासून सुटायला लागलं, तर त्यावर नवी पट्टी लावून झाकू नकोस आणि हळदही भरू नकोस. कातडीच्या डॉक्टरला दाखव – बुरशी असेल तर महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं, आणि जितकं लवकर दाखवशील तितकं ते सोपं.

५७. कानस आणि काडी आपली आपली ठेव, मैत्रिणींत फिरवू नकोस – बुरशी अशीच एका घरातून दुसऱ्या घरात जाते. लाकडी काडी तर एकदा वापरून टाकून द्यावी.

५८. उघडलेल्या पाकिटातल्या उरलेल्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद कर आणि आठवड्याच्या आत संपव – नंतर त्या काचेसारख्या तडकतात. मोठी मापं नेहमी उरतात, ती तुझ्या आईला बसतील. ती नाही म्हणेल. तू रिमूव्हरचा कापूस घेऊन शेजारी बस, मग बघ. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख विळीनं चिरलेलं आहे, तेवढं मोकळं सोड.